‘हा शब्द कोणत्या कोशात आहे?’

एम. ए.च्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा चालू होती. विद्यार्थिनीने विषय घेतला होता लुइस कॅरल यांच्या ‘जॅबरवॉकी’ या कवितेच्या मराठी भाषांतरातील अडचणींचा. विषय धाडसाचा होता, कारण या कवितेच्या पहिल्या कडव्यातील जवळजवळ सर्व नामे, विशेषणे आणि क्रियापदे कवीने स्वतः घडवलेली आहेत. इंग्रजीत तोवर त्यांना रूढ असा कोणताच अर्थ नव्हता. त्यांतील ‘स्लायदी’ या विशेषणासाठी विद्यार्थिनीने ‘लवचीक’ आणि ‘बुळबुळीत’ एकत्र आणून ‘लवबुळीत’ असा शब्द केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. ‘‘हा शब्द कोणत्या कोशात आहे?’’ ती म्हणाली, ‘‘सर, कोशात नाही. मूळ शब्दही कवीने कोशातून घेतलेला नाही.’’ त्यावर परीक्षक हसून म्हणाले, ‘‘मग ज्याला अर्थच नाही त्याचे भाषांतर करून तुम्ही अभ्यास कशाचा केलात?’’

ती गप्प बसली. त्या खोलीत आम्हीही होतो. एक जण मार्गदर्शक म्हणून, दुसरा अंतर्गत परीक्षक म्हणून. आम्हीही गप्प बसलो. चहा आला, पुढचा विद्यार्थी आत आला, गुणपत्रिकेवर सह्या झाल्या.

त्या वेळी जे बोलायला हवे होते ते आज लिहीत आहोत. रोख त्या एका परीक्षकांवर नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न हा आपल्या साऱ्या साहित्य-अध्यापनाचा प्रश्न आहे. शाळेत धड्याखाली ‘शब्दार्थ’ असतात, महाविद्यालयात मार्गदर्शिका असतात, आणि या दोहोंतून आपण विद्यार्थ्याच्या मनावर एक समजूत पक्की करतो: अर्थ कोशात साठवलेला असतो, शब्द ही त्याची पावती असते, आणि पावती दाखवता आली नाही तर माल चोरीचा. ही समजूत खोटी आहे असे आमचे म्हणणे आहे. ती किती खोटी आहे हे दाखवायला अर्थहीन म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या शब्दांसारखा साक्षीदार दुसरा नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कॅरल यांनी या कवितेचे पहिले कडवे १८५५ साली, आपल्या भावंडांसाठी काढलेल्या ‘मिशमॅश’ या घरगुती हस्तलिखितात लिहिले. जुन्या अँग्लो-सॅक्सन काव्याचा तुकडा सापडल्याचा आव आणून त्यांनी त्याखाली गंभीर मुद्रेने शब्दार्थही दिले होते. पाठ्यपुस्तकी टीपांची ती थट्टाच होती. संपूर्ण कविता ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकातून १८७१च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. पुस्तकातली ॲलिस ती आरशात धरून वाचते आणि जे म्हणते ते मोठे मार्मिक आहे. तिच्या डोक्यात कल्पनांची गर्दी होते, पण त्या नेमक्या कोणत्या हे तिला सांगता येत नाही. कोणीतरी कशालातरी मारले एवढे मात्र तिला स्वच्छ कळते. सात वर्षांच्या मुलीला जे कळले ते आमच्या परीक्षकांना का कळले नाही?

ॲलिसला कळले, कारण शब्द नवे असले तरी वाक्य जुने होते. निश्चित उपपद, अनेकवचनाचा प्रत्यय, भूतकाळाची खूण, शब्दांचा क्रम हे सारे घरच्या इंग्रजीचे होते. अमेरिकन अध्यापक अँड्र्यू इंग्रॅहम यांनी १९०३ साली ‘गोस्टक’, ‘डिस्टिम’ आणि ‘डॉश’ अशा तीन बनावट शब्दांचे एक वाक्य रचले, आणि ऑग्डेन व रिचर्ड्स यांनी १९२३च्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’मध्ये ते सर्वतोमुखी केले. त्या वाक्यातला गोस्टक म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नाही. तरीही तो कर्ता आहे, ‘डिस्टिम’ ही त्याची क्रिया आहे आणि ती डॉशांवर घडते, एवढे प्रत्येक इंग्रजी वाचकाला कळते. ‘डॉशांना डिस्टिम कोण करते?’ या प्रश्नाचे उत्तर तो बिनचूक देऊ शकतो. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले. मग दोन प्राणी दाखवून वाक्य पूर्ण करायला लावले. मुलांनी ‘वग्ज’ म्हटले. हा शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकला असणे शक्यच नव्हते. म्हणजे त्यांनी पाठांतर केले नव्हते. त्यांच्याजवळ नियम होता, आणि त्या नियमाला मोकळी जागा मिळताच तो दिसू लागला.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. तेही परके नाही. पतंजलींच्या महाभाष्यात डाळिंबे, अपूप, कुंड, शेळीचे कातडे अशा शब्दांची एक यादी येते. तिच्यातला प्रत्येक शब्द अर्थवान, कोणत्याही कोशात सापडावा असा. पण सगळे मिळून वाक्यार्थ शून्य. एकीकडे कोशातले सर्व शब्द असून अर्थ नाही, दुसरीकडे कोशात नसलेले शब्द असून बराचसा अर्थ हाती लागतो. मग कोश हा अर्थाचा पुरावा कसा काय ठरतो?

यावर कोणी म्हणेल की हा तर केवळ व्याकरणाचा सांगाडा झाला. शब्दाचा स्वतःचा अर्थ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. ‘स्लायदी’ या शब्दाचा अर्थ पुस्तकातला हम्प्टी-डम्प्टी सांगतो: लवचीक या अर्थाचा ‘लाइद’ आणि बुळबुळीत या अर्थाचा ‘स्लायमी’ यांची ती गाठ आहे. दोन कप्पे असलेल्या प्रवासी पेटीला त्या काळी ‘पोर्टमॅन्टो’ म्हणत, म्हणून अशा शब्दांना त्याने तेच नाव दिले आणि पुढे भाषाशास्त्रानेही ते उचलले. हे शब्द हवेतून पडलेले नाहीत. त्यांच्या अंगावर त्यांच्या नातेवाइकांच्या खुणा आहेत. जिथे अशी उघड खूण नाही तिथेही ध्वनी अगदीच निर्विकार नसतो. मानसशास्त्रज्ञ क्योलर यांनी १९२९ साली ‘ताकेते’ आणि ‘बालूमा’ हे दोन निरर्थक शब्द आणि दोन आकृत्या यांची जुळणी करण्याचा प्रयोग मांडला. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘कीकी’ हे शब्द घेऊन तोच धागा पुढे नेला. गोलसर आकृतीला ‘बूबा’ आणि टोकदार आकृतीला ‘कीकी’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण त्यांनी सुमारे ९५ टक्के नोंदवले. यावरून ध्वनीतच सारा अर्थ असतो असे कोणी सिद्ध करू नये. पण ‘शब्द नवा म्हणजे कोरा’ हे विधानही यापुढे कोणी निर्धास्तपणे करू नये.

खुद्द कॅरल या शब्दांकडे किती शिस्तीने पाहत होते याचा दाखला त्यांच्याच १८७६च्या ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’च्या प्रस्तावनेत आहे. ‘स्लायदी’मधला स्वर दीर्घ उच्चारावा, ‘टोव्ह्ज’ चा उच्चार ‘ग्रोव्ह्ज’शी यमक जुळेल असा करावा, अशा सूचना त्यांनी तिथे दिल्या आहेत. आपण वर्गात सर्रास ‘स्लिथी’ म्हणतो. ज्या शब्दाला अर्थ नाही असे आपण म्हणतो, त्याचा उच्चार चुकू नये याची काळजी कवीला होती. अर्थ असलेल्या कवितांचे उच्चार आपण किती काळजीने करतो, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

आता कोशाच्या अधिकाराकडे वळू. वेबस्टरच्या १९३४च्या बृहत्कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे घनता. असा शब्द इंग्रजीत कधीच नव्हता. ‘डी’ हे अक्षर, मोठे किंवा छोटे, घनता या संज्ञेचे लघुरूप म्हणून वापरतात, अशी एक चिठ्ठी १९३१ साली रसायनशास्त्राच्या संपादकांनी पाठवली होती. ‘डी ऑर डी’ ही ती अक्षरे कार्यालयात एकत्र वाचली गेली आणि शब्द जन्माला आला. १९३९ साली एका संपादकाला या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही असे दिसले, तेव्हा उलगडा झाला. १९४७पर्यंत मात्र तो छापला जात राहिला. म्हणजे कोणीही न बोललेला, न लिहिलेला, कशाचीही खूण अंगावर नसलेला हा शब्द परीक्षकांच्या कसोटीला शंभर टक्के उतरतो आणि ‘स्लायदी’ नापास होतो.

डॉर्ड ही चूक होती असे म्हणून सोडून द्यावे, तर २००१च्या ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’त ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा शब्द संपादकांनी जाणूनबुजून घुसडला होता. कोशाची चोरी कोणी केली तर पकडता यावी म्हणून लावलेला तो सापळा होता, आणि २००५ साली तो उघड झाला. त्याचा दिलेला अर्थ मोठा बोधप्रद आहे: आपल्या पदाची कर्तव्ये हेतुपुरस्सर टाळणे. तोंडी परीक्षेच्या त्या खोलीत आम्ही जे केले त्याला याहून नेमका शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एडवर्ड लिअर यांनी १८७१च्या ‘नॉन्सेन्स साँग्ज’मध्ये घुबड आणि मांजरीच्या हाती ‘रन्सिबल’ चमचा दिला. पुढे त्यांनी हेच विशेषण मांजराला आणि टोपीलाही लावले. त्याचा अर्थ त्यांनी कधीच सांगितला नाही. कोशांना मात्र राहवले नाही. तीन दात्यांचा, एका कडेला धार असलेला लोणच्याचा काटा म्हणजे रन्सिबल चमचा, अशी व्याख्या पुढे कोशांत रूढ झाली. लिअर यांनी स्वतःच्या एका चित्रात रन्सिबल चमच्याने बेडूक पकडणारे बदक दाखवले आहे. त्यातला चमचा सरळ सरळ पळीसारखा आहे. शिवाय तीन दाते आणि धार असलेली टोपी कशी दिसते, हे कोणत्याही कोशाने सांगितलेले नाही. इथे कोशाने अर्थ नोंदवला नाही, लादला. आणि तो लादताना कवीने त्या शब्दाभोवती राखलेली मोकळीक नष्ट केली. आपले ‘शब्दार्थ’ वर्गावर्गातून हेच करत नाहीत काय?

घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो. शब्द हवा म्हणून वैयाकरणाकडे जाऊन ‘मला शब्द करून द्या’ असे कोणी म्हणत नाही, अशा आशयाचे पतंजलींचे विवेचन आपण एम. ए.ला शिकवतो. मम्मटांच्या काव्यप्रकाशात संकेताची चर्चा करताना आपण जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे शब्दांचे चार प्रकार फळ्यावर लिहितो, आणि यदृच्छाशब्दाचे उदाहरण म्हणून ‘डित्थ’ सांगतो. ‘डित्थ’ला ना धातू ना अर्थ, वक्त्याने आपल्या इच्छेने ठेवलेले ते नाव. परंपरेने त्याला शब्दांच्या पंगतीत मानाने बसवले आहे. सकाळच्या तासाला ‘डित्थ’ शिकवायचा आणि दुपारच्या तोंडी परीक्षेत ‘लवबुळीत’ला दाराबाहेर उभे करायचे, हा विरोधाभास आम्हाला तरी आता पेलवत नाही. आणि चहाबिहा, पुस्तकबिस्तक यांतले ‘बिहा’ आणि ‘बिस्तक’ कोणत्या कोशात आहेत? त्या तोंडी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत परीक्षकांनी स्वतःच विचारले होते, ‘‘चहाबिहा काही आहे की नाही?’’ कोणीही कोश उघडला नाही. चहा आला, बरोबर बिस्किटेही आली.

इथे दुसऱ्या बाजूचे मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. गेल्या काही दशकांत चर्चासत्रांतून एक सोयीचे तत्त्वज्ञान रुळले आहे: शब्दाला मुळात अर्थ नसतोच, वाचक घालील तो अर्थ. या मंडळींना ‘जॅबरवॉकी’ फार आवडते. त्यांचा पूर्वज खुद्द त्या पुस्तकातच आहे. हम्प्टी-डम्प्टी ‘ग्लोरी’ या साध्या, रूढ शब्दाचा अर्थ वादात प्रतिपक्षाला चीत करणारा युक्तिवाद असा सांगतो, आणि शब्दांनी आपल्या मर्जीप्रमाणे अर्थ द्यावा असा दावा करतो. ॲलिस त्याला विरोध करते. हा दावा तो स्वतः मात्र अगदी नेटक्या, सर्वमान्य इंग्रजीत करतो, हे त्याचे अनुयायी विसरतात.

पुढे हाच हम्प्टी-डम्प्टी कवितेतले बनावट शब्द समजावू लागतो तेव्हा एक सुंदर घटना घडते. ‘वेब’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ सूर्यघड्याळाभोवतीची हिरवळ असावा, असे ॲलिस स्वतःच सुचवते आणि स्वतःच्याच बुद्धीने चकित होते. तिला ते सुचते, कारण टोव्ह सूर्यघड्याळांखाली घरटी करतात हे तिने नुकतेच ऐकलेले असते. तिचा अर्थ मनमानीचा नाही. समोरच्या मजकुराने त्याला आधार दिला आहे. आमच्या मते साहित्याचे शिक्षण याहून वेगळे नसते.

मनमानीला मर्यादा कुठे पडते हे कॅरल यांच्याच टीपांवरून दाखवता येते. ‘राथ’ म्हणजे १८५५च्या टीपेत एका जातीचे भूकासव. १८७१च्या पुस्तकात हम्प्टी-डम्प्टीच्या तोंडी तेच हिरवे डुक्कर होते. सोळा वर्षांत कासवाचे डुक्कर झाले आणि कवितेला ओरखडाही आला नाही. पण दोन्ही वेळा तो प्राणीच राहिला. तो कधी ऋतू झाला नाही की भांडे झाला नाही. ‘व्होर्पल’ या विशेषणाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली कॅरल यांनी १८७७ साली एका पत्रात दिली होती. तरीही राक्षसाचे मुंडके उडवणाऱ्या त्या तलवारीला कोणी ‘बोथट’ म्हणून वाचीत नाही. अर्थाची जागा मोकळी असते, पण तिला कुंपण असते. कोशवादी मित्र ती जागा बुजवून टाकतात, स्वैरवादी मित्र कुंपण मोडतात, आणि दोघांच्याही हाती कविता लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आमच्याच सहकाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, आमच्या विद्यार्थ्यांना साधे ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही. त्यांना शब्द घडवण्याची मुभा दिली तर चूक कोणती आणि निर्मिती कोणती हे ओळखायचे कसे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे की चूक करणाऱ्याला आपण काय मोडले हे सांगता येत नाही. घडवणाऱ्याला आपण काय जोडले हे सांगता येते. परीक्षकांनी ‘कोणत्या कोशात?’ असे विचारण्याऐवजी ‘कसा घडवला?’ असे विचारले असते तर ती विद्यार्थिनी बोलली असती. ‘निसरडे’ का नको? कारण त्यात चापल्य नाही. ‘बुळचीक’ का नको? कारण तो ‘बुळचट’कडे झुकतो. ‘लवबुळीत’ला भाववाचक नाम होते का? होते, लवबुळीतपणा. सामान्यरूप होते का? होते, लवबुळीताला. मूळ शब्दातले काय निसटले? त्यातले आखूडपण आणि जिभेवरची घसरण. या चार-पाच प्रश्नांत शब्दसिद्धी, रूपविचार, शैलीविचार आणि भाषांतरमीमांसा अशा आपल्या चार घटकांची परीक्षा झाली असती. कोशाचा प्रश्न विचारून एकाही घटकाची झाली नाही.

कोशांशी आमचे वैर नाही. कोश नसते तर आमचा एक तासही निभावला नसता. पण कोश हा भाषेच्या मागून चालणारा लेखनिक आहे. ‘जॅबरवॉकी’तला ‘चॉर्टल’ हा हसण्याचा प्रकार आज इंग्रजी कोशांत बिनतक्रार नांदतो. त्याच्या नोंदीखाली कॅरल यांचे नाव असते. जेम्स जॉइस यांच्या १९३९च्या ‘फिनेगन्स वेक’मधला ‘क्वार्क’ भौतिकशास्त्रज्ञ मरी गेल-मान यांनी १९६४च्या आपल्या निबंधात मूलकणासाठी वापरला. हा शब्द जन्मला त्याच दिवशी कोणी त्याच्याकडे कोशाचा दाखला मागून त्याला परत पाठवले असते, तर पदार्थविज्ञानाला दुसरा कुठला तरी शब्द शोधावा लागला असता. अर्थात प्रत्येक नवा शब्द टिकत नाही. ‘लवबुळीत’ही टिकला नसता कदाचित. पण शब्द टिकेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्यांचा आणि वाचणाऱ्यांचा आहे, गुणपत्रिकेचा नव्हे.

म्हणून अभ्यासमंडळांवर असलेल्या मित्रांना आमची विनंती आहे. प्रत्येक अभ्यासपत्रिकेत निदान एक पाठ शब्दार्थाविना शिकवला जावा. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा की ज्यातल्या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याने संदर्भ, रूप आणि ध्वनी यांवरून लावावा आणि आपल्या तर्काची कारणे द्यावीत. गुण त्या कारणांना मिळावेत. यासाठी निधी लागत नाही, की आयोगाची मान्यता लागत नाही.

राहता राहिले आमचे स्वतःचे. परीक्षकांच्या सूचनेनुसार लघुप्रबंधाच्या अंतिम प्रतीत ‘लवबुळीत’ खोडून तिथे ‘चपळ’ असे घालण्यात आले. चपळ हा उत्तम, कोशसिद्ध मराठी शब्द आहे. मूळ शब्दातला नेमका अर्धा अर्थ तो पोचवतो. दुरुस्ती मान्य असल्याच्या पानावर आमच्या दोघांच्याही सह्या आहेत. ती बांधीव प्रत विभागाच्या कपाटात आहे. तिला हात लावण्याचा अधिकार आता आम्हाला नाही, आणि ती विद्यार्थिनीही महाविद्यालय सोडून गेली. तिचा शब्द निदान इथे नोंदवून ठेवतो: लवबुळीत, विशेषण. कोणाला याहून चांगला सुचला तर जरूर कळवावे. फक्त तो कसा घडवला तेही सांगावे.